पंधरा जून

१२ ऑगस्ट १९९६, सोमवार

झालं. लिहिलं मी. १५-६-१९८३!

खरं १९८२ आहे. रजिस्टर समोर उघडं होतं, आकडा स्वच्छ दिसत होता, आणि मी दोनाच्या जागी तीन काढला. चुकून नाही. अठरा वर्षं गणित शिकवणारीचा हात चुकून दोनाचा तीन काढत नाही. हेडमिस्ट्रेस भुवनेश्वरी मॅडमसमोर वयाच्या सर्टिफिकेटांचा गठ्ठा ठेवला. त्यांनी फोनवर बोलत बोलत सगळ्यांवर सह्या केल्या. शिक्का मी मारला. अजून बोटाला जांभळी शाई आहे.

कुठेतरी लिहिल्याशिवाय राहवणार नाही, म्हणून ही वही. अप्पांनी लहानपणी माझ्याकडून देवनागरी गिरवून घेतली, तिचा आता उपयोग! तंजावूरजवळच्या या शाळेत ही लिपी वाचणारं कोणी नाही. पीटीचे तुळजाराम मास्तर घरी मराठी बोलतात, पण लिहितात-वाचतात तमिळच. घरी अप्पांना आली असती वाचता, पण मोतीबिंदू झाल्यापासून पेपरातले मथळेसुद्धा मीच वाचून दाखवते. म्हणजे कुलूप लावल्यासारखीच आहे वही.

राजमसाठी केलं. दहावी 'ब', शेवटचा बाक, काडीसारखी पोर. धावते मात्र! तुळजाराम मास्तरांनी तिच्यावर वर्षभर मेहनत घेतली आहे. सहाशे मीटर. चौदाच्या आतल्या गटात ती जिल्ह्यात पहिली आली तर स्पोर्ट्स हॉस्टेलात जागा मिळेल — राहणं, जेवण, पुढचं शिक्षण, सगळं. नाहीतर दहावीनंतर तिरुप्पूर. बनियन कंपनीची व्हॅन दर मे महिन्यात गावागावांतून मुली भरून नेते. वय एक जुलैला धरतात, आणि रजिस्टरप्रमाणे त्या दिवशी तिला चौदा पूर्ण होऊन सोळा दिवस झाले होते. सोळा दिवस!

शिवाय ते पंधरा जून कुठून आलं ते मला ठाऊक आहे. वडवार नदीच्या पलीकडे तिच्या गावच्या प्राथमिक शाळेत अप्पाच हेडमास्तर होते. आईबापांना तारीख माहीत नसायची. अप्पा पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचे. पोचला की पाच वर्षं धरायची आणि पंधरा जून लिहून टाकायचं. ते अर्धं गाव पंधरा जूनला जन्मलेलं आहे! मुळात तारीखच अप्पांनी बनवलेली. मग वर्ष मी बदललं तर काय बिघडलं?

दुपारी हे अगदी बरोबर वाटत होतं. आता वाटत नाही.

१३ ऑगस्ट

मॅडमनी शिपायाकरवी बोलावलं. जिना उतरताना उत्तर जुळवत होते. खडूच्या डब्याबद्दल विचारायचं होतं.

२२ ऑगस्ट

आज पुन्हा पीटीचा तास मी घेतला. दहावीचा पीटीचा तास म्हणजे गणित नाहीतर सायन्सचा स्पेशल क्लास, हे आता ठरूनच गेलंय. मॅडमचं एकच — "नव्वद टक्के निकाल! नव्वदच्या खाली आलो तर पुढच्या वर्षी उरलेली मुलंही मॅट्रिक शाळेत जातील." बायपासवरच्या त्या इंग्लिश शाळेची पिवळी व्हॅन आता आमच्या फाटकासमोरून जाते. मुलं खिडकीतून आमच्या मुलांकडे बघतात.

तुळजाराम मास्तर व्हरांड्यात शिट्टी गळ्यात घालून उभे. मी म्हटलं, राजमला न्या, बाकीच्यांना ठेवते. "अक्का, तुमी एकल्या शहाण्या आहांत," म्हणाले. त्यांना सर्टिफिकेटाचं ठाऊक नाही. की आहे? विचारायची हिंमत होत नाही.

राजमला हजेरीत दोनदा नाव घेतल्याशिवाय ओ देता येत नाही. आज चिडून म्हटलं, "स्वतःचं नाव विसरलीस का ग?" वर्ग हसला. ती नाही हसली.

६ सप्टेंबर

झोनची स्पर्धा. राजम पहिली! मुलींबरोबर बाई पाहिजे म्हणून मला पाठवलं होतं. टेबलावर एक माणूस एकेक सर्टिफिकेट तपासत होता. राजमचं हातात घेऊन त्याने तिच्याकडे बघितलं, मग कागदाकडे. मी घोटभर पाणी प्यायले ते नाकात गेलं. त्याने टिकमार्क केली आणि पुढची मुलगी.

परतताना बसमध्ये सायन्सच्या संगीता टीचर हळूच म्हणाल्या, वर्गातल्या सगळ्या मुलींना न्हाण आलं, त्यांच्या घरी मंडप पडला, हळदीचं पाणी झालं, हिच्याच घरी अजून काही नाही, डॉक्टरला दाखवायला हवं. माझ्या मनात काय आलं? की बरंच आहे, लहान दिसते, कोणाला संशय येणार नाही. कसले विचार यायला लागलेत मला!

२७ सप्टेंबर

तिमाही परीक्षेचे पेपर तपासले. राजम — गणित २४. पास व्हायला पस्तीस लागतात. साधा भागाकार मांडताना अडखळते. बाकीच्यांना एकदा सांगून कळतं ते हिला चारदा. मी आज तिच्या डोक्यात टप्पल मारली. "इतकं कसं येत नाही? चौदा वर्षांची घोडी झालीस!"

बोलून गेल्यावर वाटलं, चौदा म्हटलं मी. वर्गात. मोठ्याने.

१९ ऑक्टोबर, शनिवार

जिल्हा स्पर्धा, तंजावूरच्या स्टेडियमवर. पहिली!! शेवटच्या वळणावर ती चौथी होती. मग काय झालं कळलंच नाही. मी छत्री आपटत ओरडत होते. तुळजाराम मास्तर रडले. हॉस्टेलचे कोच येऊन तिची उंची मोजून गेले, नाव लिहून घेतलं.

तिची आई कामाक्षी शेतावरची मजुरी सोडून आली होती. लावणीच्या दिवसांत एक दिवस बुडवणं म्हणजे थोडं नाही. राजमने मेडल काढून तिच्या गळ्यात घातलं. कामाक्षी माझ्याकडे बघून हात जोडायला लागली, मी तोंड फिरवलं.

कारण पलीकडे मॅट्रिक शाळेचे पीटी सर बोट करून कोणाला काही सांगत होते. बोट राजमकडे होतं. त्यांच्या शाळेची मुलगी दुसरी आली.

२० ऑक्टोबर

रविवार. अप्पांना पेपर वाचून दाखवला. एका ओळीत आमच्या शाळेचं नाव आलं आहे. "तूं बाई हर्षानं कां वाचीनास?" अप्पा म्हणाले.

२९ ऑक्टोबर

तक्रार आली. आलीच!

मॅडमनी दार लावून घेतलं. मॅट्रिक शाळेने जिल्हा शिक्षण ऑफिसात लिहून दिलंय की आता त्यांच्याकडे शिकणारी एक मोठी मुलगी गावच्या शाळेत राजमच्या वर्गात होती. ती पंधरा वर्षांची. मग राजम तेराची कशी? "सर्टिफिकेट कोणी लिहिलं?" मॅडमनी विचारलं. मी लिहिलं, त्यांनी सही केली. दोघींनाही ते माहीत आहे. "रजिस्टर बघितलं होतं ना?" — "बघितलं होतं, मॅडम." खोटं नाही बोलले. बघितलं होतंच.

त्यांनी रजिस्टर मागवलं नाही. कदाचित बघायची भीती वाटली असेल. निवृत्तीला त्यांची दोन वर्षं उरलीत.

१० नोव्हेंबर, दिवाळी

पहाटे तेल लावून न्हाणं, लेहियमचं चाटण, नवी साडी. सगळं केलं. नवी साडी दुपारीच बदलून ठेवली.

१४ नोव्हेंबर

पत्र आलं. सव्वीस तारखेला चौकशी. प्रवेशाचं मूळ रजिस्टर, प्राथमिक शाळेचं रेकॉर्ड शीट, मुलगी आणि सर्टिफिकेट लिहिणारा कर्मचारी हजर पाहिजे. कर्मचारी म्हणजे मी. चंद्रमती, बी.एससी. बी.एड., आजवर एक मेमो नाही!

रजिस्टर माझ्याच कपाटात असतं. शेवटच्या तासाला ते काढलं. ड्रॉवरमध्ये पेन्सिलीला टोक करायचं ब्लेड असतं, ते हातात घेतलं. दोनाचं पोट जरा खरवडलं की तीन. शाईसुद्धा तीच, रॉयल ब्ल्यू. पाच मिनिटांचं काम.

वरच्या ओळीत दुसऱ्या मुलाचं नाव, खालच्या ओळीत तिसऱ्याचं, सगळी माझ्या आधीच्या टीचरच्या गोल अक्षरात. ब्लेड परत ठेवलं. चांगुलपणा नाही हा. हात इतका थरथरत होता की कागद फाटला असता.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज जे ऐकलं ते कसं लिहू?

मला एकच आशा होती. प्राथमिक शाळेच्या पहिल्या नोंदीत काही वेगळं असेल तर? अप्पांना विचारावं. दुपारी जेवताना विचारलं. चौकशीचं सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, कालव्याकाठच्या कामाक्षीची राजम आठवते का तुम्हाला? सत्याऐंशी साली पहिलीत घेतलेली.

अप्पांचा हात रसमभातात थांबला.

"कोणती राजम?" म्हणाले.

"कोणती म्हणजे? एकच आहे. पंधरा जून ब्याऐंशी."

त्यांनी पान सरकवलं. "ती गेली, बाई. आडी महिन्यांत ताप आला, चार दिवसांत गेली. शाळेंत येऊन दोन महिने झाले नव्हते."

मी म्हटलं, अप्पा, ती माझ्या वर्गात आहे. शेवटच्या बाकावर.

"ती धाकटी. अंबा."

मग एकेक करून सगळं निघालं. शाळेत तेव्हा बरोबर चाळीस मुलं. एक कमी झालं की दुसऱ्या मास्तरची जागा रद्द, आणि अप्पांना एकट्याला पाच वर्ग. इन्स्पेक्टर यायला आठ दिवस होते. "मी कामाक्षीच्या दारीं गेलों. म्हणटलों, धाकटीस पाठव. नांव तेंच राहों दे. तिला दुपारचं जेवण मिळेल, माझी शाळा वांचेल. ती रडत होती. तरी पाठवटली. पोर साडेतीन वर्षांची. पाटीवर डोकें ठेवून निजायची. मी तिला मांडीवर घेऊन हजेरी मांडायचों."

"आणि नंतर? नंतर का नाही बदललं?"

"कधीं बदलूं? वर्ष गेलें कीं रिजिस्टर बंद. मेलेली पोर दहा वर्षें मी जिवंत ठेवलों, चंद्रे."

अप्पांनी हात धुतला नाही. खरकटा हात तसाच वाळला. मी पाणी आणून घातलं.

१८ नोव्हेंबर

दिवसभर तिच्याकडेच बघत होते. पावणेतेरा. पावणेतेराच वर्षांची आहे ती! दहावीचं गणित करते आहे. दोन वर्षं पुढच्या मुलींच्यात बसून, आणि मी तिला घोडी म्हटलं, डोक्यात मारलं. २४ मिळाले तेच पुष्कळ.

२० नोव्हेंबर

झोप नाही. नीट मांडून बघते, गणितासारखं.

खरं सांगितलं तर — ती तेराची सुद्धा नाही, म्हणजे चौदाच्या आतच. मेडल तिचं, हॉस्टेल तिचं. माझं सर्टिफिकेट खोटं असूनही फार खोटं नाही, मी सुटेनसुद्धा. पण दहावीला बसायला साडेचौदा पुरी लागतात. ती बसू शकणार नाही. बसणं लांबच, पहिलीपासूनचं सगळं शिक्षण दुसरीच्या नावावर, तेही रद्द. दहावीत नाही तर कुठल्याच वर्गात नाही. शाळाच नाही तर शाळेचं हॉस्टेल तरी कसं? आणि अप्पा. सहासष्ट वर्षांचे अप्पा त्या ऑफिसच्या बाकावर.

गप्प बसले तर — रजिस्टर खरं, सर्टिफिकेट खोटं. मेडल जाणार, हॉस्टेल जाणार. ती परीक्षेला बसेल. मी जाईन.

म्हणजे मला वाचवणारं खरं तिला बुडवतं. कितीही वेळा मांडलं तरी उत्तर तेच. मला भीती वाटते. मला खूप भीती वाटते. नोकरी गेली तर अप्पांना घेऊन कुठे जाऊ? आणि मनात एक नीच विचार सारखा डोकं वर काढतो — खरं बोलायला काय हरकत आहे? खरंच तर आहे!

२२ नोव्हेंबर

कामाक्षी शाळेत आली. मी तिला सायकल स्टँडच्या मागे नेलं. तिला कळलं होतं. गावात कोणीतरी ऑफिसातला माणूस विचारून गेला होता. गावाने काही सांगितलं नाही.

तिने एकच विचारलं, तमिळात, अगदी हळू. "टीचरम्मा, मुलगी परीक्षेला बसेल ना?"

मी म्हटलं, मेडल जाईल. हॉस्टेल जाईल.

"जाऊ दे. धावायचं काय, ती बांधावरून पण धावेल. दहावी पास असा कागद तिच्या हातात पाहिजे. एका पोरीचं नाव दिलं मी त्यासाठी." पदराने तोंड पुसलं. "मोठीला मी नीट रडले पण नाही. रडले असते तर शेजाऱ्यांनी विचारलं असतं, रजिस्टरात तर आहे ना?"

मी विचारलं, धाकटीचा जन्म कधीचा?

"माट्टुपोंगल. सकाळी. बाहेर गाईंची शिंगं रंगवत होते." म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस. वर्ष सांगताना मात्र बोटं मोजली. चौऱ्याऐंशी.

तिला, म्हणजे मुलीला, हे ठाऊक आहे का, हे विचारायचं राहिलं. नसावं. देव करो नसावं. मेलेल्या बहिणीचं नाव लावून आपण जगतोय, हे त्या वयात कळलं तर काय होईल?

२५ नोव्हेंबर

उद्या. अप्पा म्हणतात, "मीच येतों, मीच सांगतों सगळें." जुना कोट काढून ठेवला आहे. मी रागावले. पहिल्यांदाच इतकी रागावले त्यांच्यावर. कोट ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली.

२६ नोव्हेंबर

पाऊस. कलेक्टरने शाळांना सुट्टी दिली. चौकशी पुढे ढकलली.

आनंद व्हायला हवा होता. गळ्यावर टेकलेली सुरी कोणीतरी तशीच धरून ठेवली आहे असं वाटतं.

५ डिसेंबर

पुन्हा पाऊस, पुन्हा पुढे. शेतं पाण्याखाली. ओला खडू फळ्यावर उठत नाही. राजमला मधल्या सुट्टीत बसवून घेते. आता ओरडत नाही. भागाकार येतो तिला, घाई केली नाही तर येतो.

१८ डिसेंबर

संपलं.

डी.ई.ओ. ऑफिसातले सुपरिंटेंडेंट, त्यांच्याबरोबर एक क्लार्क. मॅडमच्या खोलीत बसले. त्यांनी भिंग आणलं होतं! रजिस्टराच्या ओळीवर भिंग फिरवत होते तेव्हा मला ते ब्लेड आठवलं. देवा, तेव्हा हात थरथरला ते किती बरं केलंस.

आधी राजमला बोलावलं. मी दाराशी. मला तिचीच भीती वाटत होती. नाव विचारलं तर नेहमीसारखी गप्प राहील, गोंधळेल, रडेल.

"नाव?"

"राजम, सार." ताबडतोब. एकदा विचारल्यावर.

"जन्मतारीख?"

"पंधरा जून, एकोणीसशे ब्याऐंशी." डोळ्यांत डोळे घालून म्हणाली. ब्याऐंशी म्हटलं की मेडल जाणार, हे तिला मास्तरांनी सांगितलेलं होतं, तरी.

मग मी. वाक्य आठ दिवस पाठ केलं होतं. "सर्टिफिकेट मी लिहिलं. नक्कल करताना माझी चूक झाली. हेडमिस्ट्रेसनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली." सुपरिंटेंडेंटनी चष्म्यावरून बघितलं. "गणिताच्या टीचर ना तुम्ही?" — "हो, सर." — "मग चूक कशी म्हणायची?" त्यांनी बराच वेळ लिहिलं. मी खाली सही केली.

मेडल टेबलावर ठेवलं राजमने. फीत नीट गुंडाळून ठेवली. बाहेर तुळजाराम मास्तर भिंतीला टेकून उभे होते. माझ्याशी बोलले नाहीत. वर्षभराची मेहनत त्यांची. मी काय तोंडाने समजावू? त्यांना तर खरंही सांगता येत नाही.

१९ डिसेंबर

अप्पांना सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि धरूनच ठेवला. मी ट्रंकेची किल्ली परत दिली.

९ जानेवारी १९९७

चार्ज मेमो. इन्क्रीमेंट थांबली, वर्ष संपलं की ओरत्तनाडूला बदली. निलंबन नाही! मॅडमनी वरती शब्द टाकला म्हणे. त्यांनी मला सांगितलं नाही, संगीता टीचरनी सांगितलं. मोकळ्या तासाला इथेच स्टाफरूममध्ये बसून हे लिहितेय. अक्षर बरं येतंय.

दहावीची नावांची यादी बोर्डाला पाठवायची ती अजून माझ्याकडेच आहे. आज राजमची ओळ लिहिली. १५-६-१९८२. रजिस्टरात आहे तशीच, एक आकडा न बदलता. याच ओळीला सगळ्यात जास्त भ्याले.

१४ जानेवारी

उद्या माट्टुपोंगल. तेरा पूर्ण. कोणाला सांगू?

६ फेब्रुवारी

राजम वह्यांचा गठ्ठा घेऊन आली. मी ही वही झाकेपर्यंत तिने बघितली. "हे हिंदी का, टीचर?"

"मराठी. आमच्या घरची भाषा."

"शाळेत कोणाला वाचता येतं?"

"कोणालाच नाही."

उगाच उभी राहिली. जा म्हटल्यावर गेली.

२ एप्रिल

गणिताचा पेपर. मी फाटकाबाहेर दोन तास उभी होते, आत जायची मला परवानगी नाही. ती बाहेर आली. "भागाकार आला होता," म्हणाली आणि पळाली.

२१ मे

तिरुप्पूरची व्हॅन गावात येऊन गेली. कामाक्षीने मुलीला दिवसभर माझ्या घरी पाठवून दिलं. अप्पांच्या पायाशी बसून तिने दोन सुपं भरून तांदळाचे सांडगे घातले. अप्पा नुसते तिच्या दिशेने तोंड करून बसले होते.

५ जून १९९७

राजम पास. गणित ४१.

संध्याकाळी पेढे घेऊन आली. ओरत्तनाडूला प्लस वनला, म्हणजे अकरावीला, नाव घालायचं म्हणते, माझ्याच बसने येणार. अप्पांना नमस्कार केला. मग दाराशी अडून म्हणाली, "टीचर, सगळीकडे अक्काचं नाव लागलं. ती पास झाली. तुमच्या त्या वहीत माझं नाव लिहाल का? ती कोणी वाचत नाही ना."

कधीपासून माहीत, विचारलं.

"पहिलीपासून. हजेरीत नाव घेतलं की मी आधी थांबायचे, टीचर. अक्का उठते का बघायला."

लिहिते.

अंबा. आई कामाक्षी. जन्म माट्टुपोंगल १९८४, सकाळी. सहाशे मीटर, जिल्ह्यात पहिली. दहावी पास.